शून्याच्या वर तीन अंश

“बरं, मंग त्या धोंड्याचं काय होईल, ते सांग की,” मसाजी म्हणाला. बशीत ओतलेला चहा त्याच्या हातात तसाच राहिला होता.

“कोणत्या धोंड्याचं, काका?”

“समज, आपल्या कयाधूतला एक धोंडा उचलला आन् नेऊन ठिवला पार लांब. जिथं सूर्य न्हाई, चांदणी न्हाई, कोणाचं तोंड न्हाई. तिथं त्यो गार होत होत पार तळाला जाईल का न्हाई? तुझ्या त्या दोनशे त्र्याहत्तरवर?”

कोमल हसली. वारंगा फाट्यावर सोनाजीच्या टपरीसमोर एकच बाकडं होतं आणि दर मंगळवारी सकाळी त्यावर हे काका-पुतणी बसत. कोमल डोंगरकड्याच्या ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवायची. तिला इथून पुढची जीप धरायची असे आणि मसाजीला नायट्रोजनच्या गाडीची वाट बघायची असे. गावात दोघांची घरं एकमेकांना लागून होती, मधली भिंतसुद्धा एकच. पण दोन शब्द निवांत बोलायचे तर त्यांना नऊ किलोमीटर लांब, ट्रकांच्या हॉर्नमध्ये येऊन बसावं लागे. का, ते पुढं येईलच.

मसाजीच्या पायाशी त्याचा कॅन होता. दुधाच्या मोठ्या किटलीएवढा, अरुंद गळ्याचा, पोचे पडलेला. आत उणे एकशे शहाण्णव अंशांचा पातळ नायट्रोजन, आणि त्यात बुडवलेल्या, काडीपेटीतल्या काडीहून थोड्या मोठ्या प्लास्टिकच्या कांड्या. एकेका कांडीत एकेका वळूचं बीज. कुणाची गाय-म्हैस माजावर आली की मसाजी मोटरसायकलला कॅन बांधून निघायचा. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. आपण डॉक्टर नाही, नुसतं ट्रेनिंग झालेलं आहे, हे सांगायचं त्यानं पाचेक वर्षांनंतर सोडून दिलं होतं. मान मिळत असला की माणूस फार दुरुस्त्या करत बसत नाही.

औंढ्याकडं ती मोठाल्या नळ्यांची वेधशाळा व्हायची ठरल्यापासून आपल्याकडं अवकाशाच्या गप्पा पानटपरीवरही चालतात. मसाजीनं मात्र चौकशी आपल्या धंद्याच्या अंगानं सुरू केली होती. मागच्या मंगळवारी त्यानं विचारलं होतं, माझ्या कॅनपेक्षा गार जगात काही असतं का? कोमलनं सांगितलं होतं की उणे दोनशे त्र्याहत्तर हा तळ, शास्त्रातलं खरं शून्य, त्याच्या खाली गारवाच नाही. तिथून आठ दिवस मसाजीच्या डोक्यात तो तळ बसला होता. म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभा असतानाही तो त्या धोंड्याचा विचार करत होता.

“तळाला जाणार नाही,” कोमल म्हणाली.

“काहून? तिथं ऊब देणारं कोणीच न्हाई म्हणलं ना मी.”

“कोणी एक नाहीच काका. पण हे सगळं विश्व जेव्हा सुरू झालं, तेव्हा ते प्रचंड तापलेलं होतं. ती धग अजून पुरती विझलेली नाही. इतकी पातळ झाली, पसरली, की आपल्याला कळतसुद्धा नाही. पण ती सगळीकडं आहे. वरून, खालून, चारी अंगांनी थोडी थोडी येतच राहते. तुमचा धोंडा गार होत होत जाईल, आणि तळाच्या वर तीन अंशांवर थांबेल. पावणेतीन म्हणा.”

“तीन अंश,” मसाजी म्हणाला. त्यानं चहा पिऊन टाकला, पण तो गार झालाय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

“एक ढग आहे म्हणे लांब तिकडं,” कोमलला आता वर्गातल्यासारखं चढत होतं, “वायूचा. तो इतक्या जोरात पसरून राहिला की भोवतालापेक्षाही गार पडला. तळाच्या वर एकच अंश.”

“तुझ्या बापासारखा. फुगून फुगून गार.”

“काका.”

“बरं, ऱ्हायलं. मंग त्यो गेला का तळाला?”

“नाही ना. एक अंश उरलाच. आणि त्याचं पसरणं थांबलं की भोवतालची ऊब त्याला पुन्हा वर आणणार. आमच्या फिजिक्सच्या लोकांनी प्रयोगशाळेत करून बघितलं, तळाच्या अगदी केसभर वरपर्यंत गेले. पण तळाला हात लागला नाही, लागायचाही नाही. कारण एखादी वस्तू सगळ्यापासून पूर्ण तोडताच येत नाही, काका. किती झाका, किती बूच लावा, थोडी ऊब आत शिरतेच. अहो, ती नुसती बघायची म्हटली तरी उजेड लागतो. आणि उजेड म्हणजे ऊबच. बघितलं, की वस्तू तेवढी तापली.”

मसाजीचा चेहरा उतरला. बशी त्यानं बाकड्यावर ठेवली आणि कॅनच्या बुचावर हात ठेवून बसून राहिला. रस्त्याच्या पलीकडं शेतात हळद शिजत होती. बॉयलरमधून पांढऱ्या वाफेचे लोट उठत होते, आणि फाट्यावरची वाहनं, माणसं, केळ्यांच्या गाड्या त्या वाफेत शिरून पुन्हा बाहेर येत होत्या. सगळा फाटा झोपेत बघितल्यासारखा दिसत होता.

“कोमल,” तो म्हणाला, “मी एक येडेपणा करून बसलो बघ.”

आता भिंतीची गोष्ट सांगायला हवी.

एकोणीस वर्षांपूर्वी ही दोन घरं एक होती आणि दारात शेंदऱ्या नावाचा लाल कंधारी वळू होता. रंग मारुतीच्या शेंदरासारखा, डोळे काजळ घातल्यासारखे. मसाजीचे थोरले भाऊ, म्हणजे कोमलचे वडील, तातेराव यांनी त्याला वासरापासून वाढवलं होतं. भाकरीचा पहिला तुकडा शेंदऱ्याला, मग घरच्यांना. शालूवहिनी म्हणायच्या, पुढच्या जन्मी मला खुंट्यालाच बांधा, म्हणजे तरी विचारपूस होईल.

मसाजीचं तेव्हा नुकतंच ट्रेनिंग झालं होतं आणि नव्या मुल्लाला बांग फार, तशी त्याची गत होती. चांगले वळू निवडणारी माणसं जीप घेऊन गावात आली. शेंदऱ्याला बघून ती जागची हलेनात. तातेराव त्या दिवशी सेनगावकडं एका लग्नाला गेले होते. माणसं म्हणाली, असा वळू दारात राहिला तर पन्नास वासरं देईल, बीज साठवायच्या केंद्रावर नेला तर हजारो. मसाजीला ते हजारो लाल ठिपके डोंगराच्या उतारावर चरताना डोळ्यांपुढं दिसले. त्यानं कागदावर सही केली. शेंदऱ्या जीपमागच्या गाडीत चढेना, तेव्हा मसाजीनंच त्याच्या पाठीवर थोपटून त्याला चढवलं.

तातेराव परत आले तेव्हा खुंटा रिकामा होता. ते ओरडले नाहीत, भांडले नाहीत. पडलेलं दावं उचललं, झटकलं, गोठ्याच्या खुंटीला अडकवलं आणि आत गेले. त्या दिवसापासून ते मसाजीशी बोलले नाहीत. वर्षभरात अंगणात भिंत आली.

अबोल्याचेही आपल्याकडं कायदे असतात. दोघांत बोलणं नसलं तरी काम अडून चालत नाही, म्हणून लेकी बोले सुने लागे. तातेरावांना सांगायचं असलं की ते कुत्र्याला सांगत, “आज पाणी आपल्या पाळीचं हाये म्हणावं.” भिंतीपलीकडं मसाजी लिंबाच्या झाडाला म्हणे, “ठावं हाये आमाला.” त्या लिंबाला आणि त्या कुत्र्याला दोन्ही घरांचं सगळं ठाऊक होतं. कुत्रं मेलं तेव्हा दोन महिने पाण्याच्या पाळ्यांचा घोळ झाला.

शेंदऱ्या केंद्रावर सात वर्षं जगला. तो गेल्याचं कळलं तसा मसाजी तिकडं गेला. साठा संपला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या साहेबापुढं तो दोन तास बसून राहिला, तेव्हा साहेबानं कुठून तरी एक कांडी काढून दिली. एकच. शेंदऱ्याची वासरं परमुलखात कुठंकुठं असतीलही, पण त्याच्या स्वतःच्या गोठ्यात एकही नव्हतं. मसाजीनं ठरवलं, ही कांडी दादाच्या गोठ्यात द्यायची. पण तातेरावांनी गाय ठेवणंच सोडून दिलं होतं. म्हणून बारा वर्षं ती कांडी मसाजीच्या घरच्या मोठ्या कॅनमध्ये होती. नायट्रोजन हवेत उडत राहतो, सतत भर घालावी लागते. एक दिवस जरी कॅन कोरडा पडला तरी आतला जीव गेला. बारा वर्षांत मसाजी कुणाच्या लग्नाला मुक्कामी राहिला नाही. त्याची बायको यशोदाबाई म्हणायची, “त्या डब्याला तुमी जितकं पाजलं, तितकं लेकरायला दूध पाजलं असतं तर पैलवान झाले असते.”

दोन वर्षांपूर्वी कोमलनं पहिल्या पगारात माळेगावच्या जत्रेतून एक लाल कंधारी कालवड आणून बापाच्या दारात बांधली. तातेरावांनी तिच्याकडं तीन दिवस पाठ केली, चौथ्या दिवशी ते भाकरीचा तुकडा घेऊन गोठ्यात गेले. भिंतीपलीकडं मसाजीला तिच्या गळ्यातली घंटी ऐकू आली, आणि तो कॅन उघडून पातळी बघायला बसला.

हे सगळं त्यानं आज पहिल्यांदा कोमलला सांगितलं. कांडीचंही.

“यात येडेपणा कसला, काका?” कोमल म्हणाली.

“दर पोळ्याला मी त्याची पूजा करतो,” मसाजी खाली बघत म्हणाला. “लोक बैलाची करतात. मी कॅन पाटावर ठिवतो, हळदीकुंकू लावतो, पुरणाची पोळी ठिवतो. आन् कांडी वर काढून बघतो. डोळे भरून. नियम हाये ना, गळ्याच्या वर काढायची न्हाई, काढली तर पाच मोजायच्या आत खाली. सगळ्या गावाला मी शिकवतो त्यो नियम. पर मला वाटलं, शेंदऱ्याला काहून लागू होईल त्यो नियम? मी पंधरा-वीस मोजेपर्यंत बघत बसायचो. बारा पोळे झाले, कोमल. बारा वेळा तापवली मी त्याला.”

कोमल कॅनच्या बुचाकडं बघत राहिली. शिकलेल्या माणसाला उत्तर येत असतं तेव्हाच त्याची पंचाईत होते.

“जिवंत असेल का ती?” मसाजीनं विचारलं.

“तुम्हीच सांगा. तुम्हाला जास्त कळतं.”

“मला कळतं म्हणून तर इचारतो.”

नायट्रोजनची गाडी आली. मसाजीनं कॅन भरून घेतला. गळ्यातून पांढरं धुकं उतू जाऊन बाकड्याखालून रस्त्याकडं सरकलं. कोमलची जीप हॉर्न वाजवत होती. तिनं पाय आत ठेवला, आणि मग खाली उतरून परत आली.

“मी सांगणारच होते आज. गाय सकाळपासून हंबरतेय. माजावर आली. बाबा कोणाला बोलव म्हणत नाहीत, नको म्हणत नाहीत. नुसते बसलेत.” तिनं जीपवाल्याला थांब म्हणून हात केला. “रात्री झोपेत शेंदऱ्याला हाका मारतात, काका. आई सांगत होती. ह्याव ह्याव करतात, आणि हात असा पुढं करतात, भाकर द्यावी तसा.”

सकाळी माजावर आली तर संध्याकाळी बीज देऊन भरवायची, हा मसाजीच्या धंद्यातला पहिला धडा. म्हणजे हातात एक दिवस होता, आणि घरच्या कॅनमध्ये ती एक कांडी.

त्या दिवशी मसाजीनं तीन गावं केली, पण कुठल्या गोठ्यात काय केलं हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मोटरसायकल आपल्या सवयीनं चालत होती. दुतर्फा हळदीची वाफ, वाफेत कडवट-गोड वास, आणि वर फेब्रुवारीचं निवळ आभाळ. त्या आभाळाच्या पार पलीकडं मसाजीचा धोंडा तरंगत होता. कयाधूतला, गुळगुळीत, एका अंगाला शेवाळ्याचा डाग असलेला. तो सावकाश फिरत होता. त्याच्यावर आपल्या उन्हाळ्यांची जी काही ऊब साठलेली होती, ती एकेक अंशानं उतरत होती. आधी दुपार गेली, मग पाण्याचा स्पर्श गेला, मग नदीत धुणं धुणाऱ्या बायांचे आवाज गेले. उणे शंभर. उणे एकशे शहाण्णव, इथं मसाजीला ओळखीचं गाव लागल्यासारखं वाटलं. त्याच्याही खाली. आणि मग धोंडा थांबला. अंधारातून, कुठूनच नाही आणि सगळीकडून, काहीतरी येत होतं आणि त्याला पुढं जाऊ देत नव्हतं.

मसाजीला वाटलं, एकोणीस वर्षं आपण काय ऐकत होतो? पहाटे भिंतीपलीकडं दादा खोकायचे, की कळायचं ते उठले. वहिनींनी मिरच्यांची फोडणी दिली की यशोदा इकडं शिंकायची. मागच्या साली आपल्याला ताप आला तेव्हा दादा त्यांच्या गाईला म्हणाले होते, “रातभर दिवा जळून राहिला पलीकडं, काय झालं कोणाला ठावं.” कुणी काही दिलं नव्हतं. पण येत होतं. त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं गाडी बांधाला उभी करून तोंड धुतलं. एवढ्या मोठ्या माणसानं रस्त्यात रडत गाडी चालवणं बरं दिसत नाही.

दिवस कलताना तो तातेरावांच्या दारात उभा राहिला. त्याच्या हातात कॅन, त्यात घरच्या मोठ्या कॅनमधून काढून घेतलेली शेंदऱ्याची कांडी, गळ्यात टॉवेल. एकोणीस वर्षांत त्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला नव्हता. गोठ्याच्या तोंडाशी बाजेवर तातेराव बसले होते. सत्तरी ओलांडली होती, मान जराशी हलायची. कोमलनं बापाला काही विचारलं नाही, ती सरळ काकाला म्हणाली, “या.” आणि गोठ्याकडं चालू लागली.

तातेराव गाईकडं बघत म्हणाले, “तू माजावर आलीस आन् गर्दी बघ कोणाकोणाची झाली.”

पण बाज त्यांनी पायानं थोडी बाजूला सारली. एक माणूस जाईल एवढी.

मसाजी आत गेला. खुंटीला ते जुनं दावं अजून लटकत होतं. शालूवहिनींनी तांब्याभर गरम पाणी आणून ठेवलं. मसाजीनं त्यात गार मिसळलं, खिशातून थर्मामीटर काढून बघितलं, सदतीस. कॅनचं बूच काढलं. धुकं गळ्यातून वर आलं, खाली ओघळलं आणि गोठ्याच्या जमिनीवरून सरकत सरकत तातेरावांच्या पायांपर्यंत गेलं. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत.

मसाजी गाईच्या पाठीवर हात ठेवून तिलाच म्हणाला, “आज तुला कोणाचं देऊन राहिलो, ते सांगतो. शेंदऱ्याचं.”

तातेरावांची मान हलायची थांबली. गोठ्यात फक्त रवंथाचा आवाज होता.

“त्याला म्हणावं,” तातेराव गाईला म्हणाले, “शेंदऱ्याला जाऊन बारा वर्सं झाली.”

“व्हय. बारा वर्सं माज्या घरच्या कॅनात व्हता त्यो. येकच कांडी. तुज्या मालकाच्या गोठ्यासाठी ठिवलेली.” आता जे सांगायचं होतं ते न सांगताही चाललं असतं. कुणाला कळलं नसतं. “पर ऐकून घे, बाई. तिच्यात जीव हाये का न्हाई, मला ठावं न्हाई. दर पोळ्याला मी ती वर काढून बघत होतो. बघायला नको व्हती. मलाच राहवलं न्हाई. मेली असली तर ती माज्या हातानं मेली. एकदा त्याला गाडीत चढिवलं मी, आन् पुन्ना हे. मंग भरू का नको, ते तुज्या मालकाला इचारून सांग.”

कोमल दावणीला धरून उभी होती. शालूवहिनींनी पदर तोंडाला लावला.

तातेराव गाईकडं बघत नव्हते. खुंटीवरच्या दाव्याकडं बघत होते. ते जेव्हा बोलले तेव्हा कुणाला उद्देशून बोलले ते नक्की सांगता येणार नाही. गाईला असेल, दाव्याला असेल.

“बघितल्याबिगर राहवत न्हाईच. मी बी रोज खुंटा बघतो.”

मग ते गाईला म्हणाले, “भर म्हणावं.”

मसाजीनं कांडी उचलली. या वेळी बघत बसला नाही. पाच मोजायच्या आत ती तांब्यातल्या पाण्यात सोडली. तीस मोजले, पुसली, टोक कापलं आणि जे काम त्यानं हजारो वेळा केलं होतं ते केलं. काम झाल्यावर रिकामी कांडी तो खिशात घालणार होता, तेवढ्यात तातेरावांनी हात पुढं केला. भाकर द्यावी तसा. मसाजीनं ती त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बोट बोटाला लागू न देता हात मागं घेतला.

त्यानंतरचे वीस दिवस मसाजीच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस होते. गाय गाभण राहिली तर ती गप्प राहते, नाही राहिली तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा माजावर येते. तो कॅलेंडरवर खुणा करायचा नाही, यशोदाबाई करायची. पहाटे उठून तो भिंतीजवळ उभा राहायचा, खोकला ऐकायचा, घंटी ऐकायचा, आणि शांतता ऐकायचा. दहावा दिवस गेला. पंधरावा गेला. सतराव्या दिवशी त्याला स्वप्न पडलं की डोंगराच्या उतारावर एकच लाल ठिपका चरतो आहे, आणि तो जवळ गेला तर तो ठिपका म्हणजे धोंडा निघाला, पण उन्हानं कोमट झालेला. फाट्यावर त्यानं ते कोमलला सांगितलं. ती म्हणाली, “काका, या वेळी मी काहीच समजावणार नाही.”

विसाव्या दिवशी भिंतीपलीकडं सगळं गप्प होतं. यशोदाबाईनं चहात साखर जास्त टाकली.

एकविसाव्या दिवशी, उजाडता उजाडता, गाय हंबरली.

एकदाच हंबरली असती तर भुकेनं, म्हणता आलं असतं. पण ती हंबरतच राहिली, लांब, ओढ लावून. मसाजीला तो आवाज चाळीस पावलांवरून ओळखू यायचा, इथं तर भिंतीएवढंच अंतर होतं. तो ओट्यावर बसला. शेंदऱ्या गेला. बारा वर्षं जपला, आणि जपता जपता आपणच मारला. त्याला रडू आलं नाही. नुसतं आतून रिकामं, कोरड्या कॅनसारखं वाटलं.

पलीकडं तातेराव खोकले. मग पावलं वाजली. ती गोठ्याकडं गेली नाहीत, भिंतीपाशी थांबली नाहीत. काठी टेकत टेकत अंगणाबाहेर पडली, रस्त्यावर आली, आणि मसाजीच्या दारासमोर उभी राहिली. यशोदाबाई झाडत होती, तिच्या हातातल्या केरसुणीचा आवाज थांबला. तिनं डोक्यावरून पदर घेतला.

“मश्या,” तातेराव म्हणाले.

ह्या नावानं हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि त्या माणसानं ती एकोणीस वर्षांनी मारली. मसाजी उभा राहिला.

“मश्या, गाय उलटली रे.”

“ऐकलं, दादा.” तो ओट्यावरून खाली उतरला. “शेंदऱ्या गेला. मी घालवला.”

“त्यो कवाच गेला व्हता.” तातेराव काठीवर दोन्ही हात ठेवून दम घेत होते. उंबऱ्याच्या आत येत नव्हते आणि परतही जात नव्हते. “कोमल सांगत व्हती, पोळ्याला तू त्याला पुरणपोळी ठिवायचास?”

“व्हय.”

“बारा वर्सं?”

“व्हय, दादा.”

तातेरावांनी मान हलवली. ती वयानं हलत होती की आणखी कशानं, ते कळायला मार्ग नव्हता. “लाल कंधारी दुसरी कोणाची हाये का तुज्याकडं?”

“हाये. दोन हायेत.”

“मंग सांजच्याला ये,” ते म्हणाले आणि वळले. चार पावलं गेल्यावर वळून न बघता म्हणाले, “यशोदाला बी घिऊन ये. तिकडंच जेवा.”

संध्याकाळी हळदीची वाफ संपलेली होती. शेतं निवळली होती आणि गोठ्यात पिवळा उजेड आडवा येऊन पडला होता. कोमल कॉलेजातून तशीच धावत आली होती. शालूवहिनी आणि यशोदाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. एकोणीस वर्षांचं साठलेलं बोलायचं होतं, म्हणून दोघी मिरच्यांच्या भावापासून सुरुवात करत होत्या. मसाजीनं कॅन उतरवला. बूच काढायच्या आधी त्याची नजर खुंटीकडं गेली. दावं तिथं नव्हतं. ते गाईच्या गळ्यात होतं, आणि घंटीशेजारी दोऱ्यानं बांधलेली रिकामी कांडी लोंबत होती.

पाणी आणायला या वेळी वहिनी उठल्या नाहीत. तातेराव स्वतः तांब्या घेऊन आले. दोन्ही हातांनी धरलेला, हिंदकळू नये म्हणून सावकाश, एक पाऊल टाकून थांबत. त्यांनी तो मसाजीपुढं धरला.

मसाजीनं सवयीनं खिशातून थर्मामीटर काढलं.

“मी हात घालून बघितलं,” तातेराव म्हणाले. “अंगाइतकं हाये.”

मसाजीनं थर्मामीटर परत खिशात ठेवलं. पाण्यात बोट बुडवून बघितलं. बराबर होतं. मग त्यानं कॅन उघडला, धुक्यात चिमटा घातला, आणि पाच मोजायच्या आत कांडी तांब्यात सोडली. तांब्या तातेरावांच्या हातात होता, आणि त्यांचे हात हलत होते, म्हणून मसाजीनं खालून आपला हात लावला.

“किती मोजायचं?” तातेरावांनी विचारलं.

“तीस.”

“एक,” तातेराव म्हणाले.